शेडमधला कान

रविवारच्या उपासनेत पाळक म्हणाले, "आता डोळे मिटून प्रार्थना करू या," आणि नेमका तेव्हाच एस्तेरच्या मांडीवरचा फोन कोकलला. साधी रिंग असती तर कुणी मनावर घेतलं नसतं. अंड्यांचा व्यापारी भावेश कधीही फोन करायचा, देवाधर्माची वेळ पाळणाऱ्यातला तो नव्हताच. पण हा आवाज ट्रक मागे घेताना वाजतो तसा होता आणि थांबायचं नाव घेईना. मिटलेले डोळे उघडायला लागले. एस्तेरने फोन पदराखाली ओढला, कसाबसा गप्प केला आणि पदराआडूनच पाहिलं. पडद्यावर लाल पट्टी होती : 'शेडमध्ये श्वासाचा त्रास आढळला. पक्षी तपासा.'

तिने फोन मांडीवर उपडा घातला.

शेजारी गंगीबाई बसली होती. ओढ्यापलीकडचं कोंबड्यांचं शेड तिचं. तिने एक डोळा देवासाठी मिटलेला ठेवून दुसऱ्याने विचारलं, "काय व्हयनं व?"

"काही नही आक्का. भावेशना फोन शे."

देवाच्या घरात, भर प्रार्थनेत ती खोटं बोलली. पुढे पाळकांनी काय मागितलं आणि मंडळींनी कशाला आमेन म्हटलं, यातलं तिला एक अक्षर कळलं नाही.

नवापूरच्या पट्ट्यात कोंबडी खोकली की ती एका घरची कोंबडी राहत नाही. एका शेडमध्ये रोग निघाला की आजूबाजूच्या सगळ्या शेडांमधले पक्षी जातात. चांगला कोणता, वाईट कोणता हे बघत बसायला वेळ नसतो. मागच्या वेळी बर्ड फ्लू आला तेव्हा एस्तेरची एकही कोंबडी आजारी नव्हती. तरी पांढरे कपडे चढवलेली माणसं आली, जेसीबीने खड्डा काढला, सगळे पक्षी त्यात गेले, वर चुना पडला. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. ती त्यांचं काम करत होती, आणि त्यातल्या एकाच्या चष्म्याआड पाणी होतं हे एस्तेरने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नंतर कित्येक महिने शेड रिकामं राहिलं. पहाटे तिला जाग यायची ती काहीच ऐकू येत नाही म्हणून. अंगणात उभी राहून ती शेताच्या टोकाला असलेल्या त्या पत्र्यांकडे बघत राहायची आणि दानियल तिला हाताला धरून आत न्यायचा.

शेड पुन्हा भरलं त्या दिवशी दानियलने खाट उचलली आणि शेडच्या कोपऱ्यात, खाद्याच्या गोण्यांमागे नेऊन टाकली. रानमांजर येतं, थंडी वाढली की पडदे ओढावे लागतात, कुणीतरी पाहिजेच, असं तो सांगायचा. खरं म्हणजे बायकोला रात्री निवांत झोप लागावी एवढंच त्याच्या मनात होतं. नवरा कोंबड्यांत आणि बायको घरात, यावरून गावाने यथेच्छ थट्टा केली. दानियलही त्या थट्टेत सामील व्हायचा. "कोंबड्या निदान घोरत नाहीत," म्हणायचा.

अशा या घाबरलेल्या बाईकडे मयूरी 'कान' घेऊन आली होती. मयूरी शहाद्याकडची, तापीकाठच्या केळीवाल्या गुजर घरातली मुलगी. सुरतच्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीने नवीन यंत्र काढलं होतं आणि ते नवापूरच्या काही शेडांत लावून बघायचं होतं. दिसायला यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. ते आढ्याला टांगायचं. रात्रभर ते कोंबड्यांचं ऐकणार आणि सकाळी फोनवर सांगणार, सगळं ठीक आहे की कुणाला सर्दी, घरघर, खोकला लागलाय. माणसाला तुरा काळानिळा पडलेला दिसतो तोवर निम्मं शेड हातचं गेलेलं असतं. यंत्राला ते आधी ऐकू येतं. यंत्राचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. दानियलने पहिल्याच दिवशी त्याचं 'कान' करून टाकलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

"पण काकू, हा अजून शिकतोय बरं का," मयूरीने बजावलं होतं. "आमच्याकडे हा पांढऱ्या कोंबड्यांवर शिकला, बंद शेडमध्ये. तुमच्या तांबड्या कोंबड्या, उघडं शेड, पलीकडे हायवे. तुमच्या शेडचं त्याला तुम्हीच शिकवायचं."

शिकवायची रीत सोपी होती. लाल पट्टी आली की खाली प्रश्न यायचा : 'हा इशारा बरोबर होता का?' आणि त्याखाली दोन चौकोन, हो आणि नाही. सुरुवातीला कानाने नुसता उच्छाद मांडला. पडद्याची गराडी करकरली, लाल पट्टी. सुरतेची गाडी शिट्टी मारून गेली, लाल पट्टी. कुत्रं शिंकलं, लाल पट्टी. दर वेळी एस्तेर काळीज मुठीत धरून शेडकडे पळायची, कोंबड्या नीट बघायची आणि 'नाही' दाबायची. आणि गंमत अशी की दोन-चारदा नाही म्हटलं की कान त्या आवाजाला पुन्हा कधी ओरडायचा नाही. सातवीत शाळा सुटलेली एस्तेर एका यंत्राची बाई झाली. विद्यार्थी तसा गुणी होता. "मन्हा कान आते फक्त कोंबड्यास्नं ऐकस," असं ती गंगीबाईला ऐकवायची, आणि गंगीबाईने जळून जाऊन आपल्या शेडमध्येही एक कान टांगून घेतला होता.

म्हणूनच त्या रविवारची लाल पट्टी जिवावर आली. विद्यार्थी आता चुकत नव्हता.

उपासनेहून ती जवळजवळ पळतच आली. दानियल शेडमध्येच होता. बहुतेक रविवारी दोघांपैकी एकाला मागे राहावं लागायचं. नाकातोंडाला गमछा बांधून तो कोंबड्यांखाली अंथरलेलं भाताचं तूस वरखाली करत होता.

"कान बोलना," ती दारातूनच म्हणाली. घरात दोघं एरवी कोकणा आदिवासींच्या कोकणीत बोलायचे. पण एस्तेर विसरवाडीच्या नाक्यावर, ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपरीवर वाढलेली, त्यामुळे घाबरली किंवा चिडली की तिच्या तोंडून अहिराणीच यायची, आणि आता ती दानियलच्याही तोंडी बसली होती. "खोकला शे म्हणस शेडमा."

दानियलने गमछा नाकावर नीट ओढला. मग फावडं टेकवून म्हणाला, "मी तर आठेच शे. माले काही दिसनं नही. तूच देखी ले."

तिने पाहिलं. कोंबड्या एकेक उचलून नाकपुड्या पाहिल्या, तुरे पाहिले, छातीला कान लावला, विष्ठा पाहिली. सगळ्या लालबुंद तुऱ्यांच्या, टकटकीत डोळ्यांच्या, आणि उचलल्याबद्दल शिव्या घालणाऱ्या. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं, हेच तर मयूरीने सांगितलं होतं.

सोमवारी पुन्हा लाल. मंगळवारी पुन्हा. एस्तेरने ना हो दाबलं ना नाही. तिने शेडच्या दाराशी चुना फासला, पाय बुडवायच्या घमेल्यात औषध दुप्पट घातलं, पाण्याच्या टाक्या घासल्या. भावेशला अंडी द्यायला ती रस्त्यापर्यंत स्वतः गेली, त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. डॉक्टरांना बोलवावं तर गावभर होणार. न बोलवावं आणि खरंच काही असलं तर पाप ओढ्यापलीकडे जाणार. गंगीबाईकडे नवी पिलं यायची होती, परवाच ती हौसेने सांगत होती. एस्तेरला घास गिळवेना. डोळा लागला की तिला चुना दिसायचा.

आणि गंगीबाई नेमकी आलीच, डाळ मागायच्या निमित्ताने. एस्तेरने तिला फाटकातच अडवलं.

"मी काय परकी शे का?" गंगीबाईच्या नजरेतून चुन्याची पट्टी सुटली नव्हती. "खरं सांग एस्तेर. शेडमा काय लपाडी ऱ्हायनी तू?"

"काही नही आक्का. कसम."

"देवनी कसम खावू नको. तुन्ह्या कोंबड्या मरन्यात ते मन्ह्या बी मरतीन."

ती डाळ न घेताच गेली. एस्तेर फाटकाला धरून उभी राहिली. मग तिने मयूरीला फोन लावला आणि रडतच सगळं सांगितलं. येताना डॉक्टरांना घेऊन यायचं असलं तरी घेऊन ये म्हणाली.

मयूरी एकटीच आली. फाटकापाशी चपला बदलल्या, घमेल्यात पाय बुडवले, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन खाद्याच्या गोणीवर बसली. कानात इअरफोनची बोंडं घालून ती ऐकायला लागली. एस्तेर तिच्या तोंडाकडे बघत उभी. डॉक्टरने छातीला नळी लावावी आणि नातेवाइकांनी त्याच्या भुवया बघाव्यात, तसं चाललं होतं. मयूरीच्या कपाळाला आठी पडली. मग आठी गेली. मग तिने ओठ दाबले, आणि शेवटी तिला हसू आवरेना.

"काकू, हे घ्या. तुम्हीच ऐका."

एस्तेरने एक बोंड कानाला लावलं. आधी कोंबड्यांची झोपेतली कुरकुर. आणि मग खूं, खूं, खूं. चांगला दणकट, पुरुषी खोकला. तो खोकला ती कितीतरी वर्षं ओळखत होती.

"दानियल!"

"काकाच," मयूरी म्हणाली. "कोंबड्या एकदम मस्त आहेत तुमच्या. काका खोकतात आणि कानाला वाटतं कोंबडीच."

एस्तेर मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, ते पुसत पुन्हा हसली. "अरे देवा, मी इतली घाबरनू! आनि निंघना कोण, ते मन्हा नवरा!" दानियल दाराशी उभा होता. तोही हसला, पण अपराध्यासारखा. "तुसानी धूळ शे," म्हणाला. "मी आते तोंडले कपडा बांधीसनच झोपसू. तुले उगाच तरास."

"कपडा-बिपडा काही नको काका," मयूरी म्हणाली. "काकू, तुम्ही फक्त नाही दाबा. शिकेल तो."

एस्तेरने दाबलं. रविवारचं नाही, सोमवारचं नाही, मंगळवारचं नाही. दर नाहीगणिक तिच्या छातीवरचं ओझं उतरत होतं. मयूरी तर खूशच होती. शेडमध्ये माणसं झोपतात, माणसं खोकतात, हे त्या बंद शेडांवर शिकलेल्या यंत्राला माहीतच नव्हतं. आता माणसाचा खोकला त्याने बाजूला टाकायचा, ही सुधारणा सगळ्याच शेडांतल्या कानांना मिळणार होती. "तुमच्यामुळे झालं हे काकू," ती म्हणाली. त्या दुपारी एस्तेरने अंड्यांचा रस्सा केला, मयूरीला पोटभर वाढलं, आणि उरलेला डब्यात घालून गंगीबाईकडे स्वतः घेऊन गेली. सगळं सांगितलं. गंगीबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "माणूसच खोकना ना? मंग काय चिंता नही!"

त्यानंतर रोज सकाळी हिरवी पट्टी. 'सर्व ठीक.' थंडी सरली, पळस फुलला. पण एस्तेरची धास्ती काही पुरती गेली नाही. हिरवी पट्टी दिसेपर्यंत तिला चहा जायचा नाही. कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून, विष्ठेवरून तिची नजर दिवसात कितीदा फिरायची त्याला सुमार नव्हता. एका कोंबडीने खाणं कमी केलं तर तिला दुसऱ्या दिवशी कळायचं. दानियलची भाकरी अर्धी झाली होती, ते मात्र तिला कितीतरी दिवसांनी दिसलं, तेव्हा तिने विचारलं.

"उपास-प्रार्थना करी ऱ्हायनू," तो म्हणाला. "शेडसाठी."

नवरा तिच्याच कोंबड्यांसाठी उपाशी राहतोय म्हटल्यावर तिला भरूनच आलं. रविवारी मंडळीसमोर उभं राहून तिने त्याबद्दल साक्षही दिली. दानियल मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, किती हा नम्रपणा. सदरा खांद्यांवरून ओघळत होता, तो उपासाने. चार पावलं चालून बांधावर टेकायचा, ते उन्हाने. होळीला गावातली जीप भरून माणसं डोंगरातल्या काठी गावी, तिथली मोठी होळी बघायला निघाली. दरवर्षी दानियल त्यात सगळ्यांच्या आधी चढून बसायचा. ख्रिस्ती झालो म्हणून ढोल ऐकू नये असं कुठे लिहिलंय, असं पाळकांनाच विचारायचा. यंदा तो म्हणाला, "तुम्ही जा, पडद्यांचं काम आहे." एस्तेरला ते बरंच वाटलं. शेडवर माणूस राहील.

होळीनंतरच्या एका दुपारी ती कपडे धूत होती. दानियलचा गमछा पाण्यात टाकला आणि त्यावर गडद डाग दिसले. पिळून पाहिलं. रक्त.

ती ओल्या हातांनीच शेडकडे धावली. दानियल खाटेवर पडला होता.

"कोणती कोंबडी? कोण चोचाळनं? रक्त निंघी ऱ्हायनं आनि तू माले सांगतबी नही?"

दानियलने डोळे उघडले. बोलायला तोंडही उघडलं. पण ती थांबलीच कुठे? एका कोंबडीला जखम झाली की बाकीच्या रक्त बघून तिलाच टोचत सुटतात, आणि मग सगळं शेड एकमेकांच्या जिवावर उठतं. तिने कोंबड्या धरायला सुरुवात केली. एक एक उचलायची, पंख उघडायची, शेपटीखाली बघायची, खाली सोडायची. पिसं उडाली, कलकलाट झाला. एकीला ओरखडा नव्हता. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. शेवटची कोंबडी तिच्या हातात होती, धडधडत्या छातीची, गरम, अगदी धडधाकट. तेव्हा कुठे तिची नजर कोंबडीवरून वर उठली आणि खाटेवर गेली.

तिथे एक वाळलेला माणूस तोंडावर हात दाबून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. तो खोकत होता. कोंबड्या बिचकू नयेत म्हणून तो खोकला गिळत होता.

एस्तेरच्या हातून कोंबडी सुटली. काय झालंय ते तिला कळलं, आणि कधीपासून तेही कळलं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्याआधी आलेली माणसं होती. बाकावर बसून तिने मयूरीला फोन लावला. "बेटा, मी नाही दाबलं ते आवाज... कान ते फेकून देतो का?"

पलीकडे मयूरीला आधी कळेना. कळलं तशी तिने लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, "फेकत नाही काकू. बाजूला टाकतो. आहेत ते." आणि थोड्या वेळाने फोनवर ते सगळे आवाज आले.

एस्तेरने फोन कानाला लावला. दानियल शेजारी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. खूं, खूं. दुसऱ्या रात्रीचं. तिसऱ्या. आधी मोकळा खोकला होता. पुढेपुढे तो दबलेला येऊ लागला, तोंडावर उशी दाबल्यासारखा. कोंबड्या दचकून फडफडायच्या आणि मग त्याचा कुजबुजता आवाज यायचा, धाप लागलेला : "चूप ऱ्हावा व मायसहो. सकायले एस्तेरना फोन वाजी जाई. ती घाबरी जास." लाल पट्टी कधीची बंद झाली होती. तो तरीही रोज रात्री कोंबड्यांना हेच सांगत होता.

तिने फोन खाली घेतला. तिला स्वतःचा अंगठा दिसत होता. कान तर पहिल्याच दिवशी खरं बोलला होता. शेडमध्ये श्वासाचा त्रास आहे म्हणाला होता, आणि होताच. तिनेच त्याला नाही, नाही, नाही म्हणून गप्प बसवलं होतं, वर त्या आनंदात रस्सा करून वाढला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून?"

"व्हयनात आठेक दिवस," दानियल म्हणाला.

"नही," एस्तेर म्हणाली आणि तिने फोन टेबलावर ठेवला. "थंडीपासून. तुम्ही ऐका."

डॉक्टरांनी थोडं ऐकलं, तारखा पाहिल्या. "कुणी रेकॉर्ड केलं हे?"

"कोंबड्यांच्या यंत्राने," ती म्हणाली, आणि त्यांना समजावून सांगायचं त्राण तिच्यात उरलं नाही.

बेडका तपासला. टीबी निघाला. उशीर झालाय पण हाताबाहेर गेलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. एकही चुकवायची नाही. माणूस घरात, उजेडावाऱ्यात झोपला पाहिजे, शेडमध्ये नाही. तिथल्या सिस्टरबाईंनी एस्तेरलाही तपासून घ्यायला सांगितलं. "घेसू ना," ती म्हणाली. "आधी याले घर लई जावू दे. तठे कोंबड्या एकल्या शेतस."

मयूरी दोन दिवसांनी आली. तिचं तोंड उतरलेलं होतं. "मीच ती सुधारणा सगळीकडे लावली, काकू," ती म्हणाली. "आमचे साहेब म्हणतात, आपलं यंत्र कोंबड्यांसाठी आहे, माणसांचं आपण बघायचं नाही. मी या तालुक्यातल्या कानांचं तरी परत फिरवलंय. माणसाचा खोकला असला तर आता तसं वेगळं सांगेल. ओरडायचं असेल तर साहेब ओरडोत." बाकीच्या शेडांमधले बाजूला टाकलेले आवाज ती आता एकेक ऐकत होती आणि घरोघरी फोन करत होती. एक-दोघांनी तिला वेड्यात काढलं. गंगीबाईने मात्र काही न बोलता आपल्या शेडवर झोपणाऱ्या माणसाला दवाखान्यात पाठवलं.

"जुने इशारे तुम्हाला बदलता येतील," मयूरी म्हणाली. "तुमची इच्छा असेल तर."

त्या संध्याकाळी एस्तेर अंगणात बसली आणि तिने मागचं एकेक उघडलं. 'हा इशारा बरोबर होता का?' हो. दानियल खाटेवरून बघत होता. हो. हो.

"बस कर आते," तो म्हणाला. "त्यानं काय व्हई?"

"माले बरं वाटी," ती म्हणाली. पण बरं वाटलं नाही.

रात्री शेडवर आता ती झोपायची. दुसरं कोण झोपणार? गोण्यांमागची ती खाट तिने उन्हात तापवून घेतली, गोधडी धुतली आणि दारं-पडदे उघडे टाकून ती तिथे पडायची. कोंबड्यांची कुरकुर ऐकली की तिला झोप यायची. आधीच दानियलच्या काळजीत गुरफटलेली, त्यात दिवसभराची दमलेली, पडली की मेल्यासारखी झोपायची. तपासणी राहूनच गेली. आज खाद्य यायचं होतं, उद्या लस, परवा भावेश.

सकाळी ती घरी यायची, दानियलला पेज द्यायची, समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावायची. त्याचा खोकला उतरला होता. गालांवर थोडी लाली आली होती. एवढ्यातच तो पुन्हा थट्टा करायला लागला होता. "आते तू झोपस कोंबड्यास्मा. मन्ही जागा घी लिन्ही तू."

त्या सकाळी तो शेवटची गोळी गिळत असताना फोन कोकलला. ट्रक मागे घेताना वाजतो तसा.

दानियलने पेला खाली ठेवला. "कोंबड्या?"

एस्तेरने पाहिलं. लाल पट्टीत आता एक ओळ जास्त होती : 'शेडमध्ये श्वासाचा त्रास आढळला. हा आवाज माणसाचा असू शकतो.' तिला हायसं वाटलं. जुन्या सवयीने, अगदी निमिषभर, वाटून गेलंच, कोंबड्या ठीक आहेत. जुना एखादा आवाज चुकून परत आला असेल. दानियल तर घरात आहे, काल रात्रभर घरातच होता. तिने आवाज लावला आणि फोन दोघांच्या मधे धरला.

कोंबड्यांची कुरकुर. मग खोकला. लहान, कोरडा, झोपेतला. पुन्हा एकदा. आणि त्यामागोमाग, कुणी कूस बदलावी तशा, काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

दानियलने तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिला काही आठवत नव्हतं. ती रात्रभर शांत झोपली होती.

"धूळ व्हई," ती म्हणाली. "तुसानी."

पडद्यावर खाली तो प्रश्न येऊन थांबला होता, नेहमीसारखा, उत्तराची वाट बघत. तिचा अंगठा सवयीने 'नाही'च्या चौकोनाकडे गेला, तिथे जरा थांबला.

मग तिने 'हो' दाबलं, फोन दानियलच्या हातात दिला आणि नवापूरच्या दवाखान्याकडे जाणारी गाडी गाठायला चपला घालू लागली.